एका उन्हाळ्याचा पिचर: मार्क 'द बर्ड' फिड्रिच

नोव्हीकर (धागाकर्ता)

मागच्या शनिवारी पोराच्या लिटल लीगच्या (लहान मुलांचं बेसबॉल) प्रॅक्टिसला गेलो होतो. वय वर्षं नऊ. पहिल्यांदाच पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, उभं केलं होतं त्याला, तर हा पठ्ठ्या चेंडू बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती सारखी करायला लागला. मी हाक मारणार, तेवढ्यात शेजारच्या घडीच्या खुर्चीवरचे एक आजोबा म्हणाले, "राहू दे त्याला. बर्डही असंच करायचा."

मिशिगनमध्ये राहून मला अठरा वर्षं झाली, पण हा बर्ड कोण ते ठाऊक नव्हतं. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, की शिवाजी पार्कात उभं राहून मी 'तेंडुलकर कोण' असं विचारलंय. मग प्रॅक्टिस संपेपर्यंत आजोबा बोलत होते आणि मी ऐकत होतो. घरी येऊन बरंच वाचलं. इथे क्रिकेटवाले जास्त आहेत, तेव्हा बेसबॉलची फोड करत करत लिहितो.

मार्क फिड्रिच. जन्म १४ ऑगस्ट १९५४, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर, पण वाढला जवळच्याच नॉर्थबरो या छोट्या गावात. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये (टीमा आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) डेट्रॉईट टायगर्सने त्याला दहाव्या फेरीत उचललं. दहावी फेरी म्हणजे आपल्याकडे रणजीच्या संभाव्य खेळाडूंच्या यादीत तळाला नाव असावं तसं. उंच, काटकुळा, डोक्यावर पिंजारलेले कुरळे सोनेरी केस, चालही जरा लडबडती. खालच्या लीगमधल्या एका कोचला तो 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या पिवळ्या बिग बर्डसारखा वाटला आणि नाव पडलं 'द बर्ड'.

१९७५ मध्ये टायगर्स १०२ सामने हरले होते. जिंकले ५७. शहराची अवस्थाही काही बरी नव्हती: १९६७ ची दंगल, मग १९७३ चं तेलसंकट, मोटारींचा धंदा गारठलेला. त्या टीमच्या १९७६ च्या सराव शिबिरात हा मुख्य यादीत नसलेला पाहुणा म्हणून आला आणि टिकला. पगार वर्षाला १६,५०० डॉलर, म्हणजे मेजर लीगचा (सगळ्यात वरच्या पातळीचा) किमान. पहिले पाच आठवडे जवळपास बाकावरच गेले. १५ मे रोजी ठरलेल्या पिचरला फ्लू झाला म्हणून क्लीव्हलंडविरुद्ध याला चेंडू मिळाला. पंधरा हजारसुद्धा प्रेक्षक नव्हते. सामना नऊ इनिंगचा असतो; पहिल्या सहा इनिंगमध्ये समोरच्यांना एकही हिट (चेंडू मारून बेस गाठणं) मिळाली नाही, पूर्ण सामन्यात फक्त दोन. डेट्रॉईट २-१ ने जिंकलं.

लोकांना मात्र निकालापेक्षा तो माणूस बघून गंमत वाटली. बेसबॉलमध्ये पिचर मातीच्या एका छोट्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, त्याला माउंड म्हणतात. बाकीचे पिचर बुटाने जरा खरवडतात आणि सुरू करतात. हा खाली बसून हातांनी खड्डे बुजवायचा, माती थोपटायचा. मग चेंडू तोंडासमोर धरून पुटपुटायचा. 'चेंडूशी बोलणारा' अशी ख्याती झाली. एखाद्या चेंडूवर हिट बसली की तो पंचाकडे परत द्यायचा, कारण त्याच्या मते त्या चेंडूत अजून हिट शिल्लक असायच्या. आणि एखाद्या फील्डरने चांगला चेंडू अडवला, की माउंड सोडून त्याच्यापर्यंत चालत जाऊन हात मिळवायचा.

नाटक म्हणाल, तर मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली. त्या वर्षी त्याने २५० च्या वर इनिंग टाकल्या आणि स्ट्राइकआउट फक्त ९७. म्हणजे फलंदाजाला चेंडूच लागू न देणारा हा पिचर नव्हता. तो खाली राहणारे चेंडू टाकायचा, फलंदाज ते जमिनीवर मारायचे, आणि बाद करायचं काम मागचे लोक करायचे. आपला फिरकीवाला सिली पॉइंटच्या पोराला मिठी मारतो ना, तोच हिशेब. त्या हस्तांदोलनात खरी उधारी होती.

२८ जून १९७६. सोमवारची रात्र, देशभर टीव्हीवर सामना, समोर न्यूयॉर्क यँकीज. टायगर स्टेडियममध्ये ४७,८५५ लोक. बर्डने पूर्ण सामना एकट्याने टाकला, ५-१ ने जिंकला, तेही एक तास एकावन्न मिनिटांत. सामना संपला तरी कुणी जागचं हललं नाही. "वी वाँट द बर्ड" असा गजर चालू. शेवटी तो परत बाहेर आला. खेळाडूने नाटकातल्या नटासारखं पडदा पडल्यावर पुन्हा येऊन लोकांना भेटावं, ही पद्धत तेव्हा बेसबॉलमध्ये फारशी नव्हती. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, वरच्या सज्जात. "घरी कसा गेलो ते आठवत नाही," म्हणाले.

त्या मोसमात घरच्या मैदानावर त्याने १८ सामने सुरू केले (म्हणजे सुरुवातीचा पिचर तो), त्यांना सहा लाखांवर लोक आले. टीमचा वर्षभराचा आकडा साधारण पावणेपंधरा लाख. म्हणजे ८० घरच्या सामन्यांतल्या १८ सामन्यांनी चाळीस टक्के गल्ला भरला. दुसऱ्या शहरांच्या टीमा विनवायच्या, आमच्याकडे याल तेव्हा बर्डला खेळवा. टीम तरीही ७४ जिंकून ८७ हरलीच! पण याचं वैयक्तिक खातं १९ विजय, ९ पराभव, नऊ इनिंगमागे २.३४ धावा (मेजर लीगच्या दोन्ही भागांत, अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, सर्वोत्तम), २४ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने. दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीचा पिचर, वर्षातला सर्वोत्तम नवोदित, सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात बाल्टिमोरच्या जिम पामरच्या मागे दुसरा. वय २१, ऑगस्टमध्ये २२.

१९७७ च्या वसंतातल्या सरावात आउटफील्डमध्ये उड्या मारत झेल घेताना गुडघ्यातली कूर्चा फाटली. शस्त्रक्रिया झाली. मेअखेर परतला आणि छान टाकत होता. ४ जुलैला बाल्टिमोरमध्ये टाकता टाकता हात मेल्यासारखा झाला. दुखणंही नव्हतं म्हणे, नुसता जीव गेलेला. त्या वर्षी ६ विजय, ४ पराभव. १९७८ मध्ये तीन सामने, १९७९ मध्ये चार, १९८० मध्ये नऊ. १ ऑक्टोबर १९८० ला टोरांटोत जिंकला, तो मेजर लीगमधला शेवटचा सामना. एकूण ५८ सामने, २९ विजय, १९ पराभव. त्यातले १९ विजय एकाच उन्हाळ्यातले.

मग खालच्या मायनर लीगमध्ये धडपड, आधी एव्हन्सव्हिल, मग बॉस्टनच्या पॉटकेट टीमकडून. तिथेही १ जुलै १९८२ ला यँकीजच्या डेव्ह रिगेटीविरुद्ध त्याने पूर्ण सामना टाकून जिंकला, नऊ हजारांवर लोक जमले होते. १९८३ मध्ये थांबला. १९८५ मध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी खांदा उघडून पाहिला तेव्हा कळलं, रोटेटर कफ (खांदा धरून ठेवणारे स्नायू) फाटलेला होता. आठ वर्षं!

पुढे नॉर्थबरोतच १०७ एकरांचं शेत, लग्न, एक मुलगी. दहा चाकी डंपर घेऊन खडी-माती वाहायचा. सासूबाईंच्या डायनरमध्ये शनिवार-रविवारी हात लावायचा. १३ एप्रिल २००९ ला त्याच डंपरखाली काम करताना गेला. ५४ वर्षांचा होता.

---

थर्डमॅन

सुरेख लिहिलंय. २.३४ ची भानगड कळली, बोलिंग अॅव्हरेजसारखंच. पण २४ 'एकट्याने पूर्ण' यात एवढं काय? आपल्याकडे बोलर दिवसभर एका टोकाने टाकतो की.

नोव्हीकर

थर्डमॅन, एका पूर्ण सामन्यात सव्वाशेच्या आसपास चेंडू होतात. म्हणजे वीस षटकं धरा, रनअप नाही, सगळा जोर खांद्यातून नि कमरेतून, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. आता तर तीसही संघांचे मिळून वर्षभरात चाळीस पूर्ण सामने होत नाहीत. या एकट्याचे २४. त्यातही ३१ मे आणि ५ जून असे लागोपाठ दोन सामने बरोबरीमुळे ११ इनिंगपर्यंत गेले, दोन्ही यानेच संपवले.

गुगली

मग मारलाच की पोराला. मॅनेजरला तिकीटबारी दिसत होती. १६,५०० डॉलरमध्ये सहा लाख लोक खेचणारा माणूस मिळाल्यावर कोण विश्रांती देतो? सरळ पिळवणूक आहे ही.

आडवाटेचा

गुगली, इतकं सरळ नाही हो ते. त्याच डेट्रॉईटच्या मिकी लोलिचने १९७१ मध्ये ३७६ इनिंग टाकल्या. ३७६! २९ पूर्ण सामने, २५ विजय. पुढच्या वर्षी पुन्हा ३००च्या वर. पोट सुटलेला माणूस, हाताला काही झालं नाही. पामरने ७६ मध्ये फिड्रिचपेक्षा जास्त टाकल्या आणि पुढची कित्येक वर्षं टाकत राहिला. तेव्हाची रीतच ती होती. मॅनेजर राल्फ हौकला खलनायक करण्यात अर्थ नाही.

गुगली

लोलिच तेव्हा तिशीचा, हाडं पक्की झालेला. हा २१ चा. आणि तुम्ही सोयीचीच नावं घेताय. त्याच १९७६ मध्ये नॅशनल लीगचा साय यंग घेणारा रँडी जोन्स बघा: सॅन दिएगो, ३१५ इनिंग, २५ पूर्ण सामने, २२ विजय. मोसमाच्या शेवटी हाताच्या नसेला इजा, नंतर कधीच पहिल्यासारखा राहिला नाही. म्हणजे एकाच वर्षी दोन लीगमधले दोन सगळ्यात जास्त पूर्ण सामने टाकणारे, आणि दोघांचेही हात वर्षभराच्या आत गेले. योगायोग?

आडवाटेचा

जोन्सचं मान्य. पण गुडघा विसरू नका. फिड्रिच परत आला आणि सुरुवातीला उत्तम टाकत होता. दुखऱ्या पायावर भार टाळायला टाकण्याची ढब बदलली असेल तर तो भार कुठे जाणार?

सायलीची आई

मी फिजिओ आहे म्हणून मध्ये बोलते. 🙂 तुम्ही दोघंही बरोबर असू शकता. रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या गोळ्याला खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू आणि त्यांचे कंडरे. खांद्याची खोबण फार उथळ असते, बशीत ठेवलेल्या लिंबासारखी, म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच तो धरून ठेवायचं सगळं काम या चौघांवर. जोरात फेकताना दंडाचं हाड सेकंदाला जवळपास ७,००० अंशांच्या वेगाने आत फिरतं. चेंडू सुटल्यावर तो वेग थांबवायचा कुणी? याच चौघांनी. प्रत्येक चेंडूला ब्रेक लागतो. ब्रेक रोज थोडा झिजतो, आणि पाया (म्हणजे खरंच पाय, गुडघा) डळमळीत झाला की जास्त झिजतो.

'दुखत नव्हतं, मेल्यासारखा झाला' हे वर्णन मात्र अगदी पुस्तकी आहे. आम्ही अजूनही त्याला 'डेड आर्म'च म्हणतो. आता एमआरआयमध्ये तासाभरात दिसतं. १९७७ मध्ये एमआरआय नव्हताच. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. त्यामुळे बिचाऱ्याला 'काही नाहीये, आराम कर' हेच ऐकावं लागलं असणार. माझ्याकडे येणारी अर्धी फास्ट बोलर पोरं याच वाक्याने वैतागलेली असतात. आणि त्यातली काही मग स्वतःवरच शंका घ्यायला लागतात, ते जास्त वाईट.

थर्डमॅन

ताई, बशीतलं लिंबू कायमचं लक्षात राहणार.

नोव्हीकर

सायलीची आई, याला जोडून एक: कोपराची ती प्रसिद्ध टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे त्याच नावाच्या पिचरवरची पहिली, सप्टेंबर १९७४ मध्ये झाली. टॉमी जॉन परत माउंडवर आला ते वर्ष कुठलं? १९७६! म्हणजे बर्ड देशभर गाजत होता त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या लीगमध्ये एक माणूस दुसऱ्या हातातून काढलेला कंडरा कोपरात शिवून टाकत होता. तो ४६ वर्षांचा होईपर्यंत खेळला. कोपर दुरुस्त होत होतं, खांद्याची पाळी यायला वेळ होता.

सायलीची आई

अगदी! आणि खांद्याचं आजही कोपराइतकं खात्रीचं नाही. कोपर फाटलं तर पिचर वर्ष-दीड वर्षाने परत येतो हे जवळपास धरून चालतात. खांदा म्हटलं की अजूनही सगळे गप्प होतात.

तिरफळ

अवांतर, पण 'छोटी कारकीर्द' निघालीच आहे तर लॅरी यौंटचं नाव हवंच. १५ सप्टेंबर १९७१, ह्यूस्टन. नवव्या इनिंगला बोलावणं आलं, मेजर लीगमधली पहिलीच वेळ. माउंडवर सरावाचे चेंडू टाकताना कोपर दुखायला लागलं, एकाही फलंदाजाला चेंडू न टाकता परत. नावाची घोषणा झालेली असल्यामुळे सामना नोंदीत धरला. पुन्हा कधीच संधी नाही. म्हणजे रेकॉर्ड: सामने १, चेंडू ०. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन यौंट, ३,१४२ हिट, बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये. दिवाळीला दोघं एका ताटाला बसत असतील तर काय बोलत असतील! (दिवाळी नसते, माहीत आहे.)

आणि कार्ल स्पूनर. ब्रुकलिन डॉजर्स, सप्टेंबर १९५४. पहिल्या सामन्यात १५ स्ट्राइकआउट आणि शून्य धावा. चार दिवसांनी दुसरा सामना, १२ स्ट्राइकआउट, परत शून्य धावा. पुढच्या वसंतात खांदा दुखावला. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजचा (मोसमाची अंतिम लढत) सहावा सामना त्याने सुरू केला, एक गडी बाद, पाच धावा, संपलं. मेजर लीगमध्ये परत दिसला नाही. ब्रुकलिन दुसऱ्या दिवशी सातवा सामना जिंकून पहिल्यांदाच जगज्जेते झाले.

गुगली

आपल्याकडे सलील अंकोला. तेंडुलकरबरोबर त्याच कराची कसोटीत पदार्पण, आणि ती एकच कसोटी.

खडीसाखर

मला प्रश्न पडलाय. आपले ते दोघे होते ना, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल? भाला फेकणारे? ते पोचले का वरपर्यंत?

नोव्हीकर

नाही पोचले. २००८ च्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून निवडले, दोघंही उत्तर प्रदेशचे, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भाला फेकायचे. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. तोवर बेसबॉल हातात धरला नव्हता. दिनेश २०१० ला परतला, रिंकू मायनर लीगमध्ये टिकून होता, त्याचंही कोपर गेलं. नंतर तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्त्या खेळायला लागला. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही की मायनर लीगच्या शिड्या किती आहेत. फिड्रिचचे ५८ सामने आपल्याला कमी वाटतात. त्या शिडीवरच्या बहुतेकांना एकही मिळत नाही.

गुगली

तरी माझा राग तिथेच आहे. १६,५०० डॉलर. बाकी सगळ्यांनी कमावलं.

नोव्हीकर

मोसम संपल्यावर २५,००० बोनस आणि तीन वर्षांचा करार दिला क्लबने, हेही सांगायला हवं. एजंट नव्हता त्याच्याकडे. पण तुमचा राग आजोबांनाही आला होता तेव्हा. मजेची गोष्ट अशी, की रागावलेले सगळे भेटतात, तो स्वतः रागावलेला कुठे सापडत नाही. म्हणून मला ती 'शोकांतिका' वगैरे लेबलं चिकटवणं जड जातं. डंपर त्याने नाइलाजाने घेतला असं आपणच ठरवतो. गावाकडचा पोरगा होता, गावात राहायचं होतं, शेत घेतलं, गाडी घेतली. मुंबईत नाव काढून परत गावी येऊन ट्रॅक्टर चालवणारा माणूस आपल्याला 'पडलेला' का वाटतो?

आडवाटेचा

+१. यावर वेगळा धागा काढा.

पाटीलवाडा

मी इथे कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण 'डंपरखाली काम करताना गेला' एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. नेमकं काय झालं होतं?

नोव्हीकर

पाटील, डंपरचा हौदा उचलणारा हायड्रॉलिक पंप ज्या फिरत्या शाफ्टवर चालतो, त्यात अंगावरचे कपडे अडकले आणि जीव गुदमरला. पीटीओ शाफ्ट म्हणतात त्याला. एकटाच होता.

पाटीलवाडा

वाटलंच. पीटीओ आम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप, सगळं त्याच्यावरच. मिनिटाला ५४० फेरे. डोळ्याला तो फिरतोय असंही वाटत नाही, गुळगुळीत दांडा दिसतो. उपरणं, पदर, सदऱ्याची बाही, काहीही टेकलं की आत. ओढून घ्यायला वेळच मिळत नाही, आणि एकट्या माणसाला बंद करायला हात पोचत नाही. कंपनी वरून प्लास्टिकचं गार्ड देते. ते पहिल्या हंगामात फुटतं आणि गोठ्यात पडून राहतं. आमच्या भावकीतला एक जण असाच गेला, मळणीच्या दिवसात. तेव्हा मी दहावीला होतो.

आमच्या रोटाव्हेटरचं गार्ड दोन वर्षं गोठ्यात पडलंय. खोटं कशाला बोलू.

सायलीची आई

पाटील, बसवून घ्या हो ते. कृपा करून.

नोव्हीकर

पाटील, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी खरंच घाईत पुढे गेलो होतो.

राहिलेलं थोडं लिहितो. टायगर स्टेडियम १९९९ ला बंद झालं, २००८-०९ मध्ये पाडलं. म्हणजे तो गेला त्याच सुमारास त्याचं मैदानही जात होतं. नंतर बरीच वर्षं ती जागा तण माजून पडली होती, तर काही वेडे लोक स्वतःची मशीन घेऊन येऊन गवत कापायचे, माउंड जागच्या जागी ठेवायचे. मिशिगन आणि ट्रंबल रस्त्यांचा कोपरा, कॉर्कटाउन. आता तिथे पोरांचं मैदान आहे. पुढच्या महिन्यात पोराला आणि जमलं तर आजोबांनाही घेऊन जाणार आहे.

आणि जून २००९ मध्ये, तो जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा टायगर्सच्या नव्या मैदानावर त्याच्या बायको-मुलीला पहिला चेंडू टाकायला बोलावलं होतं. मुलगी माउंडवर गेली, खाली बसली आणि आधी हातांनी माती सारखी केली.

खडीसाखर

😢

थर्डमॅन

काही बोलायचं उरलं नाही. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

पाटीलवाडा

आज मिरजेला गेलो होतो, गार्ड आणलं. दुकानदार म्हणाला, अचानक कसं काय, कुणाचा अपघात झाला का? म्हटलं झाला, अमेरिकेत.